रेस सोडली की बंद

"अहो, त्यांना गाडी बंद करायला सांगा ना," आई स्वयंपाकघरातून दबक्या आवाजात म्हणाली. "मघापासून नुसती घरघर चाललीय दारात."

"सांगितलं," अप्पा म्हणाले. "बंद करता येत नाही म्हणे. बंद केली की लवकर चालू होत नाही."

"आणि मुलगा कुठाय?"

"गाडीत."

"गाडीत काय करतोय?"

"रेस देत बसलाय."

आईच्या हातातला झारा तसाच राहिला. मी कट्ट्याला टेकून उभी होते. अंगावर मावशीची अंजिरी रेशमी साडी, केसात गजरा, हातात रिकामा ट्रे. मला बघायला लातूरहून पाहुणे आले होते, आणि ज्याच्यासाठी आले होते तो मुलगा दारात अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवून बसला होता. मला हसू आवरेना.

"दात काढू नकोस," आई म्हणाली. "आणि लक्षात आहे ना? काय करते म्हणून विचारलं तर?"

"कॉम्प्युटरवर काम करते."

"कुठं?"

"मामाच्या ऑफिसात."

मामाचं ऑफिस म्हणजे बार्शीच्या लातूर रस्त्यावरचं नागेशमामाचं गॅरेज. ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केल्यापासून मी तिथंच होते. स्कॅनर लावायचा, वायरिंगमधला बिघाड शोधायचा, इंजेक्शनच्या गाड्या बघायच्या, ही माझी कामं. मामाला त्या गाड्यांचा कंटाळा होता आणि मला त्या फार आवडायच्या. पण आधीच्या दोन स्थळांनी "गॅरेज" हा शब्द ऐकून चहासुद्धा पुरता प्यायला नव्हता. तेव्हा अप्पांनीच ठरवलं होतं की आता गॅरेजचं नाव काढायचं नाही. अप्पा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात होते. कुणाशी वाद घालणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

बाहेरच्या खोलीत मुलाचे वडील गुरुसिद्धअण्णा बिराजदार बसले होते. लातुरात त्यांची धान्याची आडत होती. पांढरीशुभ्र विजार, सदरा, कपाळाला भस्म, आणि आवाज अख्ख्या मोंढ्याला ऐकू जाईल असा. त्यांच्या शेजारी त्यांची थोरली बहीण, म्हणजे मुलाची आत्या. येताना गाडीनं जे हिसके दिले होते त्यानं आत्यांची कंबर धरली होती. त्या खुर्चीत अवघडून बसल्या होत्या आणि दर दोन मिनिटांनी "शिव शिव" म्हणत होत्या.

मी पोहे घेऊन गेले, नमस्कार केला, पाटावर बसले. अण्णांनी नाव विचारलं.

"वैजयंता शेटे."

"शिक्षण?"

मी उत्तर देणार होते, पण माझं लक्ष दाराबाहेर गेलं होतं. गाडीचा आवाज वर चढायचा, मग धपकन खाली यायचा, बुडता बुडता परत वर चढायचा. खाली येताना त्यात एक बारीक शिट्टी मिसळायची. ती शिट्टी मला ओळखीची वाटत होती.

"वैजू, अण्णा काय विचारतायत?" अप्पा म्हणाले.

"हवा खातेय," मी म्हणाले.

"काय?"

"नाही, म्हणजे डिप्लोमा. डिप्लोमा झालाय."

अण्णांनी आत्यांकडं पाहिलं. आत्या म्हणाल्या, "उमाकांतला पण पोहे द्या की कुणीतरी. सकाळपासून उपाशी आहे लेकरू. अन् त्यालाही मुलगी बघू द्या. आम्ही काय बघून करणार?"

म्हणून मी पोह्यांची बशी घेऊन गाडीपाशी गेले. कधीकाळी लाल असलेली ती गाडी आता विटकरी झाली होती. कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन नुकतंच आलं होतं तेव्हाची. खिडकीची काच खाली होती. आत चेक्सचा शर्ट घातलेला, सोलापुरात बँकेत नोकरी करणारा, घामाघूम झालेला मुलगा बसला होता.

"पोहे," मी म्हणाले.

"थँक्यू. माफ करा हं. मला उतरता येत नाहीये."

"माहितेय. रेस सोडली की बंद पडते ना?"

"हो."

"अन् दाबून धरली की बरी चालते?"

"एकदम बरी."

"असं कधीपासून होतंय?"

"सहा-आठ महिने झाले. सिग्नलला बंद पडायची. म्हणजे पंखा, लाइट काही लावलं की हमखास."

"तसं नाही. आज जसं होतंय तसं कधीपासून?"

तो पोह्यांचा घास घेता घेता थांबला. "आज... आज जरा जास्तच होतंय."

"कुठून सुरू झालं?"

"येडशीपासून. तिथं चहाला थांबलो होतो." मग त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "तुम्हाला गाडीतलं कळतं?"

"थोडंफार."

"तुम्ही कॉम्प्युटरवर असता ना?"

"स्कॅनर पण कॉम्प्युटरच असतो," मी म्हणाले, आणि जीभ चावली.

मी वळून घराकडं पाहिलं. खिडकीतून अण्णांची पाठ दिसत होती. आई त्यांना माझं भरतकाम दाखवत होती. ते भरतकाम मावशीचंच होतं. मला आत जायला हवं होतं. पण ती शिट्टी आता अगदी जवळून ऐकू येत होती. कुणी आपल्याला नावानं हाक मारत असावं आणि आपण ओ देऊ नये, तसं मला झालं.

"बोनेट उघडा," मी म्हणाले.

"साडी खराब होईल तुमची."

"माझी नाही, मावशीची आहे. तुम्ही पाय काढू नका फक्त."

त्यानं खालची कडी ओढली. मी पदर खोचला आणि बोनेट वर केलं. गरम वाफारा तोंडावर आला. एका हातानं बोनेटची काठी लावून मी कान खाली नेला. शिट्टी इंजिनच्या मागच्या बाजूनं येत होती. तिथं अंगठ्याएवढी जाड एक रबरी नळी असते, इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेला जोडलेली. ती नळी निघून लोंबत होती आणि उघड्या तोंडातून इंजिन भसाभसा हवा ओढत होतं. मी त्या तोंडावर अंगठा दाबला. घरघर तिथल्या तिथं शांत झाली. अंगठा काढला, परत सुरू.

निदान झालं होतं. नळी बसवायची, क्लिप पुढं ओढायची, संपलं. पण मी क्लिपकडं पाहिलं आणि माझा हात थांबला.

नळी आपोआप निसटते तेव्हा क्लिपही तिच्याबरोबर वेडीवाकडी होते, कधी कुठंतरी पडूनही जाते. ही क्लिप मागं सरकवून नीट सरळ बसवलेली होती. आणि सगळ्या इंजिनवर वर्षानुवर्षांची धूळ बसलेली असताना नळीच्या टोकावर मात्र बोटांचे चार ताजे ठसे होते.

मी परत खिडकीपाशी गेले.

"हात दाखवा तुमचा."

"तुम्ही हातही बघता?" त्यानं हसण्याचा प्रयत्न केला.

"दाखवा ना."

त्यानं उजवा हात पुढं केला. धुतला होता, पण नखांच्या कडा आणि बोटांची पेरं काळी होती. रबराचा काळा रंग असाच बसतो, साध्या पाण्यानं जात नाही.

"नळी तुम्ही काढलीत," मी म्हणाले.

उमाकांतचा चेहरा पांढराफटक पडला. पायाखालची रेस नकळत वाढली आणि गाडी केवढ्यांदा तरी ओरडली. आतून अण्णांचा आवाज आला, "काय रे?"

"काही नाही अण्णा!" तो ओरडला. मग हळूच म्हणाला, "मागं एकदा लातूरच्या मेकॅनिकनं ती नळी बदलली तेव्हा मी शेजारी उभा होतो. तो म्हणाला होता, हिच्याशिवाय गाडी चालत नाही."

"चालते. फक्त उभी राहत नाही."

"ते मला येडशीच्या पुढं आल्यावर कळलं," तो म्हणाला. "मला वाटलं होतं तिथंच बंद पडेल, परत जाऊ. अण्णा म्हणाले, चालतेय ना, मग चल. तिथून इथपर्यंत कसा आलोय माझं मला माहीत. प्रत्येक गतिरोधकाला आत्या देवाचा धावा करत होती."

मला राग यायला हवा होता. आला नाही. तो इतका बापुडवाणा दिसत होता, आणि त्याच्या शर्टाच्या खिशाला पोह्यांतला शेंगदाणा चिकटला होता.

"मी नको होते तर घरीच सांगायचं की."

"तुम्ही नको असं नाही हो. तुम्हाला तर मी पाहिलंही नव्हतं." त्यानं घराच्या दाराकडं नजर टाकली. "सोलापूरला एक जण आहे. अनुराधा. आमच्याच शाखेत आहे. चिलका आडनाव. पद्मशाली आहेत ते, घरात तेलुगू बोलतात. चार वर्षं झाली."

"मग सांगितलं का नाही?"

"अण्णांना? तुम्ही पाहिलंत ना अण्णांना?"

"बोलल्याशिवाय कसं कळेल त्यांना? घाबरून किती गाड्या बिघडवणार आहात?"

तो एकदम माझ्याकडं वळला. "तुम्ही गॅरेजमध्ये काम करता ना?"

मी घराच्या खिडकीकडं पाहिलं.

"आम्हाला सांगितलं की ऑफिसात असता. नळी कुठं असते, क्लिप कशी बसते, हे ऑफिसातल्यांना कळत नाही. तुम्ही तरी कुठं सांगितलंय खरं?"

त्याचं बरोबर होतं. गाडीचा आवाज वर-खाली होत होता आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघत होतो. आणि मग आम्हाला दोघांनाही एकदमच हसू फुटलं. आतल्यांना वाटलं असणार, जमलं म्हणून.

"ठीक आहे," मी म्हणाले. "मी माझं सांगते. तुम्ही तुमचं सांगा."

"आत्ता?"

"मी आत्ता. तुम्हाला कधी जमतंय ते तुम्ही बघा. पण लातूरला पोचायच्या आत."

त्यानं मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते मला कळलं नाही.

मी परत बोनेटखाली वाकले, नळी जागेवर दाबली, क्लिप पुढं ओढली. "सोडा रेस," मी ओरडले. त्यानं घाबरत पाय काढला. इंजिन खाली आलं, थरथरलं, पण बंद पडलं नाही.

तासाभरानंतर गल्लीत पहिल्यांदाच शांतता झाली. त्या शांततेनंच सगळे बाहेर आले. आधी अण्णा, मग अप्पा, मग कंबरेवर हात ठेवून आत्या, आणि दारात आई. त्यांना दिसलं ते असं, की जिला बघायला आले ती मुलगी पदर खोचून बोनेटमध्ये खांद्यापर्यंत शिरली आहे आणि तिच्या अंजिरी साडीवर पोटापाशी काळाकुट्ट पट्टा उमटला आहे.

"हे काय चाललंय?" अण्णा म्हणाले.

"नळी निघाली होती, बसवली," मी म्हणाले. कुणी काढली ते मी बोलले नाही. "पण तेवढ्यानं भागणार नाही. आत कार्बन साठलाय. हवेची वाट चोंदलीय, म्हणून सिग्नलला बंद पडते. अर्ध्या तासात साफ होईल."

"तुला कसं माहीत?"

आईनं मागून जोरजोरात मान हलवली. नाही, नाही, नाही. मी तोंड उघडलं, तेवढ्यात कुणीतरी माझ्या आधी बोललं.

"ती गॅरेजमध्ये काम करते."

अप्पा बोलत होते. पायरीवर उभे, हात मागं बांधलेले, नगरपालिकेत साहेबांसमोर उभे राहायचे तसेच. पण आवाज स्वच्छ होता.

"माझ्या मेहुण्याचं गॅरेज आहे. तिथं ही इंजेक्शनच्या गाड्या बघते. पार कुर्डूवाडीपासून लोक हिच्याकडं गाड्या घेऊन येतात. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. मीच सांगू नका म्हणालो घरात. का म्हणालो, ते आता मलाच कळत नाहीये."

मी अप्पांना इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. कुर्डूवाडीची गोष्ट त्यांना माहीत आहे हेही मला माहीत नव्हतं. मी बोनेटच्या काठीकडं बघत राहिले, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हात इतके काळे होते की ते पुसायची सोय नव्हती.

अण्णांचा चेहरा लाल झाला. "शेटे, हे बरं नाही केलंत. आमच्या घरात हे चालणार नाही. लग्नानंतर सून गाड्यांखाली..."

"मग राहू दे," अप्पा म्हणाले. "स्थळ राहू दे. पण गाडी अशी घेऊन जाऊ नका. वाटेत बंद पडेल."

"आम्ही दुसरीकडं दाखवू."

"तू दाखव दुसरीकडं," आत्या कंबर धरून पायरीवर बसत म्हणाल्या. "मी या पोरीनं नीट केल्याशिवाय त्या गाडीत पाय ठेवत नाही. कर ग बाई तू. शिव शिव."

मग अण्णांनाही बसावंच लागलं.

माझ्या स्कूटीच्या डिकीत स्क्रू-ड्रायव्हर, जुना टूथब्रश आणि क्लीनरचा स्प्रे कायम असायचा. गाडी बंद करून थोडी निवू दिली. मग हवेची मोठी नळी सोडवून इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी उघडी केली. आतली झडप काजळी धरलेल्या चुलीसारखी काळी होती. पाय काढल्यावर इंजिनला जिथून घोट घोट हवा मिळते, ते बारीक भोक जवळजवळ बुजलं होतं, आणि तिथला छोटा व्हॉल्व्ह चिकटून बसला होता. ब्रशनं घासलं, स्प्रे मारला, काळं पाणी फडक्यानं टिपलं, परत मारला. उमाकांत बाजूला उभा राहून फडकी पिळून देत होता. अण्णांनी दोनदा घसा खाकरला. दुसऱ्या वेळी ते खुर्ची सोडून उठले आणि माझ्या खांद्यावरून आत डोकावले.

"एवढी घाण होती?"

"गाडी जुनी झाली की साठते. गाडीचा दोष नाही."

"हं," अण्णा म्हणाले.

सगळं परत जोडलं. पहिल्यांदा किल्ली फिरवल्यावर जरा कुरकुरली, मग लागली. थोडा वेळ आवाज वर-खाली झाला आणि मग एका जागी येऊन स्थिरावला. मी पंखा लावायला सांगितला. आवाज किंचित खाली गेला, सावरला. लाइट लावले. सावरला. स्टीअरिंग वळवायला सांगितलं. तरीही चालूच. गाडीच्या आत कुणीच नव्हतं. उमाकांत खिडकीतून हात घालून सगळं करत होता आणि लहान मुलासारखा हसत होता.

निरोप थंडच झाला. अण्णांनी नमस्कार केला, पण "कळवतो" असंही म्हणाले नाहीत. आत्यांनी मात्र माझ्या काळ्या हातात नारळ दिला आणि गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. उमाकांतनं गिअर टाकला. गाडी निघाली.

आई पायरीवर बसली. "झालं समाधान बापलेकीचं?" ती म्हणाली. "आता मावशीला साडीचं तूच सांग."

अप्पा उत्तर देणार एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीसमोर, गाडी थांबली.

"घ्या," आई म्हणाली. "बंद पडली तुझी गाडी."

मी दोन पावलं पुढं गेले आणि गाडीची मागची बाजू बघितली. सायलेन्सरमधून बारीक धूर येत होता, एकसारखा, न तुटता. "बंद नाही पडली," मी म्हणाले. "चालू आहे."

"मग थांबलेत कशाला?"

मागच्या काचेतून तीन डोकी दिसत होती. उमाकांतचं डोकं शेजारच्या अण्णांकडं वळलेलं होतं. तो बोलत होता. अण्णांचा हात वर गेला, खाली आला, परत वर गेला. मग मागचं दार उघडून आत्या खाली उतरल्या, पुढच्या खिडकीपाशी गेल्या आणि आत वाकून बराच वेळ काहीतरी बोलल्या. गिरणीवाला दारात येऊन बघायला लागला. मागून एक रिक्षा आली, हॉर्न वाजवून बाजूनं निघून गेली. गाडी तशीच उभी होती, चालू.

"भांडतायत का ती माणसं?" आईनं विचारलं.

"बोलतायत," मी म्हणाले.

शेवटी आत्या आत बसल्या. दार लागलं. लातूरला जायचं तर तिथून उजवीकडं वळायचं असतं. डाव्या बाजूचा रस्ता सोलापूरला जातो. गाडीचा डावा दिवा लुकलुकला.

दोन दिवसांनी गॅरेजच्या फोनवर उमाकांतचा फोन आला. तो इतक्या भरभर बोलत होता की मला अर्धं कळलं नाही. आत्या म्हणाल्या होत्या, बघायला म्हणून निघालोच आहोत, चांगले कपडे घातलेच आहेत, तर तिलाही आजच बघू. अण्णा चिलकांच्या घरात तासभर एक शब्द बोलले नव्हते. मग अनुराधाच्या वडिलांनी धान्याचे भाव विचारले आणि अण्णा जे सुरू झाले ते जेवूनच उठले.

"आणि गाडी?" मी विचारलं.

"सोलापुरात प्रत्येक सिग्नल लाल मिळाला," तो म्हणाला. "एकदाही बंद पडली नाही."

त्यांच्या लग्नाला अप्पा आणि मी गेलो होतो. आत्यांनी मला हाताला धरून पंगतीत शेजारी बसवलं.

पण त्याआधी, उमाकांत येऊन गेला त्याच महिन्यात, आमच्याकडं आणखी एक स्थळ आलं. माढ्याची माणसं होती. मुलगा, त्याची आई आणि एक काका. आई स्वयंपाकघरात होती, मी आतल्या खोलीत, यावेळी माझ्याच साडीत. पाहुणे पायरी चढले आणि त्यांनी अजून पायातलं काढलंही नव्हतं, तोच अप्पा दारात आडवे उभे राहिले.

"आत यायच्या आधी एक सांगतो," ते म्हणाले. "मुलगी गॅरेजमध्ये काम करते. गाड्या दुरुस्त करते. लग्नानंतरही करणार. चालत असेल तर या."

आतून मला सगळं दिसत होतं. काकांनी रस्त्याकडं पाहिलं. मुलाच्या आईनं मुलाकडं पाहिलं. मुलगा खाली वाकला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला.